पाण्याने भरलेली होडी

आम्ही उदगीरहून निघालो तेव्हा नळाला पाणी येऊन पंधरा दिवस झाले होते, आणि पप्पा आत्याला आणि मला टेम्पोत घेऊन होडी आणायला चालले होते.

"प्यायला न्हाई, अन् सर होडी आणून राहिले," शेजारचे काका फाटकातून म्हणाले. पप्पा हसले. उदगीर जिल्हा होईल, धरण भरेल आणि निवृत्तीनंतर दर रविवारी ते आम्हाला धरणात फिरवतील, असा त्यांचा बेत होता.

नांदेडजवळ नदीकाठी बोटिंग चालवणाऱ्या एकाने पाणी आटल्यावर दोन मोटारबोटी विकायला काढल्या होत्या. इंग्रजी माहितीपुस्तिका मी वाचली होती, म्हणून निवड माझ्यावर. पप्पांची साठवण एका होडीपुरतीच होती. ती गळकी निघाली असती, तर रविवारही गेले असते.

वाटेत शेतं उघडी पडली होती, पळस मात्र लालभडक. कंधारच्या अलीकडे आत्याने टेम्पो थांबवायला लावला आणि आम्ही सुशीला (फोडणीचे ओले मुरमुरे) खाल्ला. मी खात कमी होते, पुस्तिका जास्त वाचत होते.

"पाठ करून राहिली का?" आत्या म्हणाली. "बोटीला तोंडी परीक्षा देणार हाय वाटतं."

होड्या खरोखर सारख्या होत्या. सहा आसनं, एकच कंपनी, एकच साल. मालकांनी दोन्ही इंजिनं पिंपात बुडवून चालवून दाखवली, तीही सारखीच गुरगुरली. एक होडी शेडमध्ये पुसून चकचकीत ठेवली होती. दुसरी बाहेर ओंडक्यांवर, ताडपत्रीखाली.

"तिच्याकडं नका बघू, ताई," मालक ओशाळून म्हणाले. "गावचा हौद फुटला. टँकरचं पाणी तिच्यातच सोडतोत. दोन महिने झाले."

मी ताडपत्री उचलली. होडी काठोकाठ भरलेली होती. मग खाली वाकून पाहिलं. तळाखालची माती कोरडी ठणठणीत होती, मुंग्यांची एक रांग आरामात चालली होती. मी आत्याच्या कानात सांगितलं.

"मोठ्यानं बोल. इंग्रजी शाळेत गप बसायलाच शिकवलं का?"

"हीच घ्यायची," मी म्हणाले. "आतलं पाणी बाहेर येत नाही, तर बाहेरचं आत कसं येईल?"

मालक शेडमधल्या होडीकडे पाहत राहिले. "दिवसभर पुसलं हो तिला," ते म्हणाले, आणि पप्पा पोट धरून हसले.

तेवढ्यात घागर घेऊन आलेली एक बाई थबकली. "आमचा हौद नेऊन राहिले का?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. निवड अजून माझीच होती.

"पाऊस येईपर्यंत राहू द्या तुमच्याकडेच," मी म्हणाले. "पण दुसऱ्या कुणाला देऊ नका."

"देतोत का मग? टँकर यायच्या वेळी कुणी हात तर लावून बघू दे तिला," बाई म्हणाली आणि घागर बुडवून आधी मला प्यायला पाणी दिलं. मी ओंजळीने प्यायले. पाण्याला किंचित रंगाचा वास होता.

व्यवहार पक्का करून आम्ही इंजिन तेवढं टेम्पोत घातलं. परतीच्या वाटेवर पप्पा शीळ घालत होते. पुस्तिका मी पिशवीतून बाहेरही काढली नाही.

घरी पोचलो तर काका फाटकातच. "होडी कुठाय, सर?"

एरवी मी सरळ आत गेले असते.

"भरलेली आहे, काका," मी म्हणाले. "पाऊस आला की रिकामी होईल. मग आणू."