बिनधुराची शेगडी

नव्या घराच्या स्लॅबला काजळी धरू द्यायची नाही, हे आईनं वास्तुशांतीच्या दिवशीच सगळ्यांना बजावलं होतं. देवापुढची उदबत्तीसुद्धा ती उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवायची. जुन्या घराचे काळेकुळकुळीत वासे बघत तिनं वीस-बावीस वर्षं काढली होती, त्यामुळं त्या पांढऱ्याशुभ्र छताचं तिला भारी अप्रूप. त्या छतापायी माझी थोरली लेक जाता जाता राहिली. आज हे मी सरळ लिहू शकते, पण कितीतरी वर्षं घरात कुणी हा विषयच काढत नसे.

आमचं गाव उंब्रजपासून दोन कोसांवर. जुनं घर कौलारू, मातीच्या भिंतींचं. उन्हाळ्यात तिथं दुपारी गारेगार झोप लागायची, पण पौषात कौलांच्या फटींतून वारं असं घुसायचं की गोधडीत शिरलं तरी नाक गार ते गारच. आई त्या कौलांना रोज शिव्या घालायची, फटींत चिंध्या कोंबायची, आणि दुसऱ्या दिवशी मांजर वर फिरलं की कौलं सरकून नव्या फटी पडायच्या. माझ्या पाठच्या तिघांची बाळंतपणं मी त्याच घरात पाहिली. बाजेखाली शेगडी, तिच्यात लाकडाचे निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा टाकलेला. धुरानं आमचे डोळे चुरचुरायचे, आई खोकून बेजार व्हायची, आणि तो धूर हळूहळू कौलांतून वर निघून जायचा.

या सगळ्यात वडील कुठंच नसायचे. अण्णा फौजेत होते. एकाही बाळंतपणाला त्यांना सुट्टी मिळाली नाही. आम्ही चौघं भावंडं, पण एकालाही त्यांनी तान्हं असताना पाहिलं नाही. कुणी रांगताना भेटलं, तर कुणी चालताना. त्यांचं पत्र यायचं, त्यात एकच मजकूर, इकडील सर्व खुशाल. आई शेजारणीकडून उत्तर लिहून घ्यायची, मी व मूल खुशाल. लहानपणी मला वाटायचं, मोठ्या माणसांना पत्रात एवढंच लिहायची परवानगी असते.

पुढं मी लग्न होऊन सांगलीला आले. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, डोक्यावर थेट स्लॅब. एप्रिल-मे महिन्यांत त्या खोलीनं मला अक्षरशः भाजून काढलं. दिवस कलला की आम्ही नवरा-बायको गच्चीवर बादल्यांनी पाणी ओतायचो, तर त्याची वाफ होऊन तोंडावर यायची. टेबलफॅन गरम वारा फेकायचा, ओल्या चादरी तासाभरात वाळायच्या. एवढं सोसूनही मला त्या स्लॅबचा तोरा होता, हे कबूल करायला हवं. सासरच्या लोकांनी माझ्या माहेरच्या कौलांवरून एक-दोनदा चेष्टा केली होती आणि ती माझ्या मनाला चांगलीच लागली होती.

त्यामुळं अण्णा निवृत्त होऊन घर बांधायला निघाले, तेव्हा कुणी विचारलेलं नसताना मी सांगलीहून येऊन सल्ले देत सुटले. स्लॅबच पाहिजे, असं मीच म्हणाले. गवंड्यानं खिडक्यांच्या वर, छतालगत जाळीचे झरोके ठेवायचं काढलं, तर मी नाक मुरडलं. असले झरोके गोदामाला असतात, चिमण्या घरटी करतात, अंथरुणावर काड्या पडतात. गवंड्यानं अण्णांकडं बघितलं, अण्णांनी माझ्याकडं बघितलं, आणि झरोके ठेवायचे राहूनच गेले. खिडक्यांच्या काचा मात्र अण्णांनी हौसेनं कराडहून आणल्या, एसटीत मांडीवर धरून.

त्याच हिवाळ्यात मी बाळंतपणाला आले. कराडच्या दवाखान्यात मुलगी झाली आणि पाचव्या दिवशी आम्ही घरी आलो. माझ्या कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल, आणि मुलगी तर दिसतच नव्हती एवढी गुंडाळलेली. आईनं आतली खोली तयार ठेवली होती. खिडक्या बंद, त्यांच्या कडांत जुन्या साडीच्या पट्ट्या कोंबलेल्या, दाराला आतून अण्णांचं फौजेतलं कांबळं टांगलेलं. आणि बाजेखाली शेगडी.

पण धूर नको होता ना. आईनं त्यावर तोड काढली होती. लाकडं आणि गोवऱ्यांऐवजी लोणारी कोळसा. मागं परसात तो फुंकून लालभडक करायचा, एकदा का तडतड थांबली, धूर संपला, की मगच घमेल्यात भरून आत आणायचा. ना वास, ना काजळी. आई स्वतःवरच खूश होती. म्हणाली, आपल्या वेळी हे सुचलं असतं तर डोळ्यांची अशी वाट लागली नसती.

अण्णांना खोलीत यायची बंदी होती. एक तर सुवेर, दुसरं म्हणजे लेक अंगावर पाजतेय तिथं बापानं कशाला डोकवायचं. बारशाच्या दिवशी नात मांडीवर देईन, तोवर नाही, असं आईनं ठरवून टाकलं होतं. ते बिचारे सोप्यात खुर्ची टाकून दाराकडं तोंड करून बसायचे. घड्याळ बघून दारापाशी यायचे आणि बाहेरूनच विचारायचे, पितंय का, झोपलंय का. आई आतून सांगायची, सगळं ठीक हाय, तुमी व्हा तिकडं. मला हसू यायचं. आयुष्यभर खुशाल-खुशाल लिहिलेली ही दोन माणसं आता एका घरात राहूनसुद्धा तेच करत होती.

शेगडीच्या दुसऱ्या दिवशी माझं डोकं दुखायला लागलं. कपाळात कुणी खुंटी ठोकत असल्यासारखं. तिसऱ्या दिवशी मळमळ, पायांत गोळे. आईनं कपाळाला हात लावून बघितला, ताप नव्हता. तिचं निदान तयार होतं. वारं शिरतंय कुठून तरी. तिनं सगळ्या खोलीभर तळहात फिरवला, एका तावदानाच्या कोपऱ्यात तिला गार झुळूक लागली, तिथं कणीक थापून ती फट बुजवली. संध्याकाळी शेगडीत कोळसा वाढला.

मी काही अडाणी नव्हते. बारावी झालेली, सांगलीत राहणारी बाई. आणि एक गोष्ट माझ्या ध्यानातही आली होती. सकाळी न्हाणीघरात गेलं की पाच-दहा मिनिटांत डोकं उतरायचं, परत खोलीत आलं की चढायचं. पण त्याचा अर्थ मी काय लावला? बाहेर ऊन अंगावर येतं म्हणून बरं वाटतं, म्हणजे खोलीत ऊबच कमी पडतेय. हे मीच आईला सांगितलं. मग दुसरं घमेलं आलं.

मुलगी आता फार झोपायला लागली होती. पहिले दोन दिवस दर दोन तासांनी घर डोक्यावर घेणारी पोर चार-चार तास हूं की चूं करत नव्हती. गाल गुलाबी, कपाळ कोमट. आई न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशींना कौतुकानं दाखवायची, बघा कसा शेक मानवलाय. मला मात्र आतून भीती वाटायला लागली होती. मी पडल्या पडल्या तिच्या दुपट्याकडं एकटक बघायची. ते हललं की माझा जीव खाली पडायचा, आणि मग पुढच्या हलण्याची वाट बघणं सुरू. कधी इतका वेळ जायचा की मी तिचा पाय चिमटायची. ती तोंड वाकडं करायची आणि पुन्हा झोपायची. आईला म्हटलं तर ती म्हणाली, पहिलटकरणीला असंच वाटतं, चार लेकरं वाढवलीत मी. चार लेकरं वाढवलेल्या बाईपुढं सात-आठ दिवसांच्या आईनं काय बोलायचं?

अकराव्या दिवशी आभाळ आलं होतं, गारठा मनस्वी वाढला होता. दुसऱ्या दिवशी बारसं. आई पहाटेपासून राबत होती. जेवणं झाल्यावर तिनं दोन्ही घमेली भरून आत आणली, दाराला कडी घातली, आणि पाठ टेकते जरा म्हणून खाली चटईवर आडवी झाली. मी बाळाला कुशीत घेतलं. ते प्यालं नाही, तोंड उघडंच राहिलं. मी आईला हाक मारली असं मला वाटतं, पण हाक घशातून बाहेर आली नसावी. हात उचलायचा होता, तो उचलेना. छत पांढरंशुभ्र दिसत होतं. मला कळत होतं की काहीतरी भयंकर होतंय, आणि तरीही उठायचा कंटाळा येत होता.

बाहेर काय चाललं होतं ते मला मागाहून कळलं. बाळ दुपारी दोनला रडतं हे अण्णांनी घड्याळ लावून ठरवलं होतं. तीन-चार दिवस ते रडणं कमी होत आलं होतं, आणि त्या दिवशी सव्वादोन झाले तरी आवाज नाही. त्यांनी दाराबाहेरून विचारलं. आईनं नेहमीसारखं तिकडं व्हा म्हटलं नाही. उत्तरच आलं नाही. झोपल्या असतील म्हणून ते परत फिरले, आणि फिरताना त्यांची नजर अंगणातल्या कोळशाच्या पोत्यावर गेली. पोतं त्यांनीच उंब्रजच्या बाजारातून आणून दिलं होतं, आईनं सांगितलं म्हणून. घमेली आत नेताना आई त्यांना सोप्यातून पिटाळायची, त्यामुळं कोळसा पाणी तापवायच्या बंबाला पाहिजे असेल, असं ते धरून चालले होते. पोतं अर्धं झालं होतं. त्यांनी बंबात बघितलं, तिथं लाकडाची राख. चुलीत लाकडं. मग एवढा कोळसा गेला कुठं?

ते धावत दारापाशी आले. कडी आतून होती. त्यांनी खोरं उचललं, घराला वळसा घालून खिडकीपाशी गेले, आणि मांडीवर धरून आणलेल्या त्या काचा दांड्यानं एकेक करून फोडल्या. मला आठवतो तो काचांचा आवाज आणि तोंडावर आलेला वाऱ्याचा सपकारा. हात आत घालून त्यांनी खिडकी उघडली आणि पन्नाशी ओलांडलेला तो माणूस खिडकीतून आत उतरला. हाताला रक्त. आधी बाळ उचललं, दार उघडून अंगणात नेलं, मग मला ओढत नेलं, मग आईला.

आई अर्धवट शुद्धीवर येत होती. तिनं माझ्याकडं बघितलं, फुटलेल्या खिडकीकडं बघितलं आणि जड जिभेनं म्हणाली, "आवं, वारं लागंल की पोरीला."

अण्णा म्हणाले, "लागू दे. वारंच पायजे तिला."

बाळ रडत नव्हतं. अण्णा तिचे तळपाय चोळत होते, पाठ चोळत होते, पालथी धरून थोपटत होते. मला अंगणात बसवलं होतं तिथून मी नुसती बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच घोळत होतं की त्या झरोक्यांना मी नको म्हटलं होतं. किती वेळ गेला माहीत नाही. मग एक बारीकसा, चिडका आवाज आला. मग मोठा. मीही रडायला लागले.

शेजाऱ्यांच्या जीपमधून आम्हाला कराडला नेलं, तिघींनाही नाकाला नळ्या लावल्या. डॉक्टरांनी आईला काय काय सुनावलं ते मी सांगत बसत नाही. मला आणि बाळाला दोन दिवस ठेवून घेतलं. बारशाचा दिवस तिथंच गेला.

घरी आलो तेव्हा आतल्या खोलीला काचा नव्हत्या आणि गवंड्यानं छतालगत दोन विटा फोडून ठेवल्या होत्या. आत जायचं माझं मन होईना. आम्ही अंगणात उन्हात बसलो. सुवेर, बारसं, मान-पान असलं काही न बोलता अण्णांनी हात पुढं केले आणि मी त्यांच्या मांडीवर मुलगी दिली. पट्टी बांधलेला हात त्यांनी तिच्या मानेखाली घातला. मान कशी धरायची ते त्यांना माहीत नव्हतं, आईनं त्यांचा हात सरकवून दिला.

मग ते खाली बघतच बोलले. बर्फातल्या एका चौकीवर दोन पोरं रात्री तंबू बंद करून, कोळशाची अंगीठी पेटवून झोपली. सकाळी तंबू अण्णांनी उघडला. चेहरे गुलाबी होते, झोपल्यासारखे. तेव्हापासून प्रत्येक नव्या भरतीच्या पोराला ते हे सांगत आले होते. शेकडो पोरांना सांगितलं असेल. घरी एक शब्द नाही.

आईनं विचारलं, "आमास्नी का न्हाई सांगितलं कवा?"

"तुला घोर लागला आसता."

"मी बी शेगडीचं कवा लिवलं न्हाई," आई म्हणाली. "तितं डोंगरावर तुमास्नी कशाला बाळंतपणाचं." आणि तिनं पदर डोळ्यांना लावला. मी माझ्या आईला त्यापूर्वी रडताना पाहिलेलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं हात पुढं केले. बाळाची प्यायची वेळ झाली होती. अण्णांनी बाळ दिलं नाही. त्यांचं एक बोट बाळाच्या पोटावर होतं आणि पोट वर-खाली होईल तसे ओठ हलत होते. मला वाटलं, देवाचं काहीतरी म्हणतायत.

"द्या की," आई म्हणाली.

"थांब. मोजतोय. मदी बोलू नगं."

आई त्यांच्याशेजारी खाली बसली आणि तीही मोजायला लागली.