साडूंसाठी निवडलेली जागा

"अहो, तंबू उडाला! धरा, धरा!" वाळूच्या टेकडीच्या माथ्यावरून माझे साडू विनायकराव ओरडत होते आणि मी खाली आडोशाला सावकाश चहा पीत होतो.

गेल्या सहलीत यांनी माझा तंबू वारुळावर ठोकला होता. मुंग्यांनी मला झोपेतच अर्धा मैल वाहून नेलं! म्हणून या वाळवंटात जागा मी निवडली. "माथ्यावरून सूर्यास्त काय दिसतो, विनायकराव!" वाऱ्याचं तेवढं बोललो नाही.

हा वारा उंटांची पावलं घटकेत पुसतो. वाळूच्या काही लक्षात राहत नाही. मला मात्र एकेक मुंगी आठवते.

तंबू सरहद्दीपार दिसेनासा झाल्यावर मी बायकोला विचारलं, "आता झोपतील कुठे तुझे भावोजी?"

"आपल्या तंबूत," ती म्हणाली.