बाज विणणाऱ्याचं बिनअक्षरी पुस्तक

इंग्रजाच्या राज्यात आमच्या अकोटात सुतळीच्या बाजा विणणारा एक म्हातारा यायचा. नाव कोणी विचारलं नाही. पोट्टे अर्धवट विणलेल्या बाजेवर उड्या मारत, म्हणून तो त्यांच्यापुढं कापडावर रंगवलेलं पुस्तक टाकायचा. त्यात एकही अक्षर नव्हतं. मी दुसरीतून शाळा सोडली, पण ते पुस्तक फडाफडा वाचलं, आजही छाती ठोकून सांगतो.

पहिल्या पानावर बाजेवर बुढा, खाली कुत्रं. दुसऱ्यावर बाज रिकामी.

"बुढा कुठी गेला?" हातातली सुतळी ओढत त्यानं विचारलं.

"जत्रेले!" "जावयाच्या घरी!" आम्ही खिदळलो.

माय वारल्यापासून माझी धाकटी बहीण बोलत नव्हती. ती एकदम म्हणाली, "मेला थो."

म्हाताऱ्यानं मान हलवून पान उलटलं. बाजेवर कुत्रं तंगड्या वर करून पसरलं होतं.

"मंग हे काहून खुश हाये?"

"बाजेले बुढ्याचा वास येते ना!" म्हणत ती अशी हसली की आम्ही सगळेच लोळलो.

"बाबाजी, अक्षरं काहून नाई टाकली?" मी विचारलं.

"मंग तुमी माहं आयकलं असतं. मले तुमचं आयकाचं हाये."

घरी मायची बाज भिंतीला उभी होती, तिला कोणी हात लावत नव्हतं. बहिणीनं ती धाडकन आडवी पाडली अन् वर नाचू लागली. बाबा ओरडत आले.

"बाबा, चढा ना तुमी बी!"

ते चढले. सुतळी तुटली अन् आम्ही तिघं हसत खाली आदळलो.

सकाळी म्हाताऱ्याला आमच्याही घरी काम निघालं.