ठेंगणी गाडी

आमच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, पेन्सिलच्या पाच रेघा आहेत. गेल्या दिवाळीत रंगारी आला आणि त्याने त्यांच्यावरून ब्रश फिरवायला घेतला, तेव्हा मी त्याच्यावर असा खेकसलो की तो बिचारा डबा खाली ठेवून अंगणात जाऊन उभा राहिला. नंतर मी त्याला चहा पाजला. रेघा मात्र राहिल्या. त्या मीच ओढलेल्या आहेत, गाडी निवडताना.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि त्यांत खोट काढायची, हाच वीस वर्षांचा धंदा. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. बायको म्हणते, हा स्वभाव गेटवर ठेवून घरी येत जा. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. गाडी घ्यायची ठरली तेव्हा ती मोजूनच घ्यायची, हे मी घरात जाहीर करून टाकलं.

खरं सांगायचं तर मला पळणारी गाडी हवी होती. आमची जुनी गाडी उभट डब्यासारखी. तिच्यात रिक्षात बसल्यासारखं सरळ बसता येई, पण चढ आला की ती दम्याच्या पेशंटसारखी धापा टाकी. मला कॉलेजपासून हवी होती ती बसकी, रुंद, वळणावर रस्त्याला चिकटून राहणारी, हाताने गेअर टाकायची गाडी. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की पाठ सीटला टेकली पाहिजे. चाळिशी उलटली होती. आता नाही तर काय पेन्शनीत घेणार?

पण घरात चार माणसं आणि चार तऱ्हा. बायकोला गावाकडून येणारं ज्वारीचं पोतं मावेल एवढी डिकी हवी होती. मुलगी तेव्हा अकरा वर्षांची, तिला छतातून आकाश दिसायला हवं होतं. आणि मायचे गुडघे होते.

माय, म्हणजे माझी आई, वडील गेल्यावर गाव सोडून आमच्याकडे सिडकोत राहायला आली. उभा जन्म बैलगाडीत आणि एसटीत गेलेला. पण या बाईला वेगाचं असं वेड होतं, की मला वाटतं माझ्यात ते तिच्याकडूनच उतरलं. दर शनिवारी आम्ही दोघं खुलताबादला मारुतीच्या दर्शनाला जायचो. माय पुढच्या सीटवर, काच खाली, पदर कमरेला खोचलेला. दौलताबाद सोडून घाट लागला की तिची बडबड सुरू होई. "त्यो टरक मागं टाक की. काय त्याच्या बुडाला लागून चाल्लास?" जुन्या गाडीने ट्रक काही मागे पडायचा नाही. मग माय डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायची, "म्हातारी झाली ही. माझ्यावानी." तो शनिवार सोडून आठवड्यात ती कुठं जात नसे. तेवढं एक तिचं होतं.

तेव्हा गाडी अशी हवी, की मला पळवता येईल आणि मायला पुढच्या सीटवर बसता-उठता येईल. बाकी सगळ्यांशी तडजोड करता येत होती, या एका गोष्टीशी नाही. मी टेप घेऊन जालना रोडवरच्या शोरूम पालथ्या घातल्या. विकणारी पोरं मायलेज सांगायची आणि मी दार उघडून जमिनीपासून सीटची उंची मोजत बसायचो. घरी येऊन त्या त्या उंचीची रेघ चौकटीवर ओढायची. सगळ्यात वरची रेघ बायकोच्या आवडीच्या हत्तीएवढ्या गाडीची. सगळ्यात खालची, अडतीस सेंटिमीटरची, माझ्या लाडकीची.

एका संध्याकाळी माय चौकटीपाशी उभी राहून रेघा बघत होती.

"यातली तुझी कंची?"

"खालची. पण ती जमायची नाय, माय. लई खाली बसावं लागतं. तुला उठता येणार नाही."

"कुणी सांगितलं?"

"मी मोजलंय."

"बरं," म्हणाली आणि देवापाशी दिवा लावायला निघून गेली.

मी त्या गाडीचा नाद सोडल्यासारखाच होता. वरून दुसऱ्या रेघेवरची, ना धड पळणारी ना धड रांगणारी, एक शहाणी गाडी घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या दोन-तीन आठवड्यांत मायचे गुडघे सुजले. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी विचारलं, "आजी, जिने फार चढता का हल्ली?" माय म्हणाली, "नाय बा. बसूनच तर असती." मी तिच्यावरच चिडलो, की औषध वेळेवर घेत नाहीस. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

आणि मग एका रविवारी ती आपण होऊन म्हणाली, "आण बरं तुझी ती ठेंगणी गाडी घरी. बसून बघती."

शोरूमवाल्यांनी गाडी दारात आणली. लाल होती. माय दार उघडून आधी पाठमोरी झाली, सीटवर टेकली, मग दोन्ही पाय आत घेतले. उतरताना पाय बाहेर, हात गुडघ्यांवर, आणि उठली. मी कारखान्यातल्यासारखं तीनदा करून घेतलं, एका मोजमापावर माझा विश्वास नसतो. तिन्ही वेळा उठली. कपाळावर घाम आला होता, पण उन्हाळाच होता. "बसता येतं की," ती म्हणाली, "उगी टेप घिऊन फिरतोस." मला एवढा आनंद झाला की मी बायकोकडे बघितलंच नाही. ती हळू आवाजात म्हणत होती, "आत्याबाई, खरंच जमतंय ना? उगाच ह्यांच्यासाठी नका करू." बायको आईला आत्याबाई म्हणते.

गाडी आली. बायकोने औक्षण केलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, मुलीने बॉनेटवर कुंकवाचं वाकडंतिकडं स्वस्तिक काढलं. पहिली बैठक मायची. त्या शनिवारी घाटात मी गेअर खाली टाकला, पाय दाबला आणि एका दमात तीन ट्रक मागे टाकले. माय एवढी हसली की तिला ठसका लागला. "आता कसं!" म्हणाली. आजही मला तिचं ते हसणं जसंच्या तसं ऐकू येतं.

देवळापाशी पोहोचल्यावर दोन-तीन ओळखीचे लोक गाडीभोवती जमले. इंजिन केवढं, शून्यावरून शंभरवर किती सेकंदांत, असं विचारायला लागले आणि मी सांगत सुटलो. माय उतरायला किती वेळ घेत होती हे मी पाहिलं नाही. मागे वळलो तेव्हा ती दाराला धरून उभी होती. ओठ पांढरे पडले होते. "पाय लागला जरा," म्हणाली.

पुढच्या शनिवारी तिला बरं नव्हतं. त्याच्या पुढच्या शनिवारी शेजारीण येणार होती. मग उपास होता, मग अंगात कसकस होती, मग "देव काय खुलताबादलाच हाय व्हय? टीव्हीवर दिसतो की." महिनाभर मी ऐकून घेतलं आणि एके दिवशी जे बोललो ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. मी म्हणालो, "माय, एवढ्या हौसेनं गाडी घेतली आणि तुला तिचं काडीचं कौतुक नाही. आता तुला घरात बसायचंच आवडायला लागलंय."

"लई कौतुक हाय, बाबा," ती म्हणाली. एवढंच.

त्यानंतर मी तिला विचारणंच सोडलं. फुगून बसलो, सरळ सांगायचं तर. मी कामावरून यायच्या वेळेला मात्र ती फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेली असायची. मुलगी सांगायची, चौकातून वळलास की आजी आवाजावरून ओळखते, म्हणते, आला बघ बाप तुझा. मी गाडी लावून घरात जायचो. तिला एक चक्कर मारून आणू का, असं माझ्या तोंडून आलं नाही.

माघ महिन्यात एके सकाळी तिच्या छातीत कळ आली. मी धावत जाऊन गाडी दारापाशी आणली, दार उघडलं, तिला दंडाला धरून आणलं. ती सीटकडे बघत उभी राहिली. वाकायला गेली आणि वाकता येईना. मी वरून दाबतोय, बायको खालून धरतेय, आणि ती कुणीतरी मारल्यासारखी कळवळली. बायको ओरडली, "अहो सोडा! त्यांना नाही बसता येत त्यात! कधीच येत नव्हतं!" समोरच्या रिक्षावाल्याने रिक्षा आणली. माय बायकोच्या खांद्यावर हात टाकून, एक पाय वर ठेवून, रिक्षात सहज बसली.

औरंगपुऱ्यातून जाताना ही गर्दी. रिक्षा पुढे, मी मागे. ट्रक मागे टाकणारी माझी गाडी दुसऱ्या गेअरमध्ये रिक्षाच्या मागे मागे चालली होती. रिक्षाच्या मागच्या छोट्या खिडकीतून मायचं डोकं दिसत होतं. हॉस्पिटलच्या दारात रिक्षा थांबली तेव्हा ते बायकोच्या खांद्यावर कलंडलेलं होतं.

तेरावं झाल्यावर आम्ही तिची खोली आवरायला घेतली. तिच्या लग्नातली पत्र्याची पेटी भिंतीला लागून होती आणि पेटीवर आमचा जेवणाचा जाड लाकडी पाट ठेवलेला होता. "हा इथं आहे होय," बायको म्हणाली, "दिवाळीच्या अंघोळीला मी घरभर शोधला." मी पाट उचलायला गेलो आणि माझा हात थांबला. आत जाऊन टेप आणली. जमिनीपासून पाटापर्यंत मोजलं. अडतीस सेंटिमीटर. पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

मुलगी दारात उभी होती. तिला रडू फुटलं. "आजीने शप्पथ घातली होती," ती म्हणाली. "तू कंपनीत गेलास की आम्ही करायचो. मी मोजायचे. दोऱ्याने चौकटीवरून माप आणलं होतं आम्ही. आधी आजीला एकदाही उठता येत नव्हतं. मी हात द्यायला गेले की ओरडायची, गाडीत कोण हात देणार म्हणायची. मग एक दिवस लागोपाठ तीनदा उठली."

"तीनदाच का?" मी विचारलं.

"आजी म्हणाली, तुझा बाप तीनदाच मोजतो."