दाजींची डावी बाजू

आमचे दाजी स्वस्थ बसलेले मला आठवतच नाहीत. ताईच्या लग्नात मंगलाष्टकं चालू होती, तेव्हासुद्धा अंतरपाटाखाली त्यांचा उजवा पाय ॲक्सिलरेटर दाबल्यासारखा हलत होता. आमच्याकडे जेवायला आले की शेवटचा घास तोंडात असतानाच उठायचे आणि हात धुता धुता विचारायचे, "पाव्हणं, मग निघायचं का?" कुठे निघायचं, ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

मूळचे जेऊरचे, पण नोकरीमुळे सोलापुरात भवानी पेठेत स्थिरावले. स्थिरावले म्हणजे घर तिथे होतं एवढंच. उभा जन्म लाल बसच्या स्टिअरिंगवर गेला. निवृत्त झाल्यावर पंधरवड्यातच त्यांनी घरातले सगळे पंखे उतरवून पुसले, नळांचे वायसर बदलले, चांगलं चाललेलं शिलाई मशीन उघडलं. ताई वैतागून म्हणाली, "कुणीतरी ह्यांना परत ड्यूटीवर घ्या रे!" दाजी म्हणाले, "गाडी उभी राहिली की बॅटरी उतरती. माझी उतराय नगं."

मग त्यांनी आयुष्यातली पहिली स्वतःची गाडी घेतली. पांढरीशुभ्र. पहिल्याच फेरीत, जेऊरला जाताना, पुढच्या डंपरच्या चाकाखालून खडा उडाला आणि बॉनेटवर तिळाएवढा टवका गेला. आम्हाला तो दाखवल्याशिवाय दिसला नसता. दाजींना मात्र तो जेवताना, अंघोळ करताना, कायम दिसत राहिला. मोबाईलवर व्हिडिओ बघून त्यांनी इलाज शोधला. गाडीच्या रंगावर चिकटवायची जाड, पारदर्शक फिल्म. खडा उडाला तरी ओरखडा फिल्मवर, रंग शाबूत.

शहरात हे काम करणारी दुकानं आहेत, असं मी सांगून पाहिलं.

"आनि गाडी त्यांच्या हातात सोडून मी तितं स्टुलावर बसू व्हय? दिवसभर?"

हे त्यांना जमणारं नव्हतं, हे मलाही पटलं. त्यांनी फिल्मची गुंडाळी मागवली आणि एका रविवारी सकाळी सहालाच मला फोन आला, "पाव्हणं, या. ऊन चढायच्या आत उरकू."

मी पोचलो तेव्हा अंगणात सडा मारून धूळ बसवलेली होती. गाडी पत्र्याखाली उभी, दोन्ही बाजूंना ओल्या चादरी टांगलेल्या. साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली, रबरी पट्टी, लेकीचा केस वाळवायचा ड्रायर, सगळं मांडून तयार. लेक म्हणजे स्वाती. तिला पुण्यात नोकरी लागली होती, महिन्याभरात जायची होती. लायसन्स काढून वर्ष झालं होतं, पण दाजींनी या गाडीची चावी तिच्या हाती एकदाही दिली नव्हती. "रस्ता लई वंगाळ झालाय," एवढंच कारण.

फिल्म लावायचं काम म्हणजे धीराचं. पाणी मारायचं, फिल्म अलगद टेकवायची, मग मधून कडेकडे पट्टीने पाणी काढत जायचं. घाई केली की हवा अडकते. दाजींना धीर कुठला? मी माझं टोक धरून उभा, तर हे तिकडून पट्टी ओढत सुटलेले. फिल्म दोनदा काढून परत लावली. "व्हिडिओतला मानूस लई हळू करायलाय," ते पुटपुटले, "त्याला दुसरं काम नसंल." तिसऱ्यांदा त्यांनी जीव एकवटून पट्टी फिरवली, कंबर सरळ केली आणि म्हणाले, "झालं की! आरशागत."

बॉनेटची उजवी बाजू खरंच आरशासारखी झाली होती. डाव्या कडेला मात्र बोटभर जाड सुरकुती होती आणि तिच्याशेजारी बुडबुडेच बुडबुडे.

मला वाटलं चेष्टा करतायत. "दाजी, हे राहिलं की."

"कुटं?"

मी बोट दाखवलं. ते माझ्याकडेच बघत राहिले. मग सगळी मान वळवली, वाकले, तेव्हा कुठे त्यांना ते दिसलं. त्यांनी सुरकुतीवरून बोट फिरवलं. आठवड्यापूर्वी डावा आरसा फाटकाला घासला होता आणि ते फाटकालाच शिव्या देत होते, हे मला त्या क्षणी आठवलं.

दाजी गाडीला टेकून खाली जमिनीवर बसले. पाय हलत नव्हता.

"काचबिंदू हाय म्हनं," ते हळू आवाजात म्हणाले. "डाव्या अंगाचं काय बी दिसत न्हाय. डाक्टर म्हनला, गाडी चालवायची न्हाय आता."

"ताईला माहितीय?"

"न्हाय. सांगितलं की संपलंच की वो सगळं." त्यांनी हातातली पट्टी जमिनीवर ठेवली. "परवा भाजी बाजारात एक म्हातारी डावीकडनं गाडीपुढं आली. दिसलीच न्हाय. लोकं वरडली म्हनून थांबलो. गाडीला फिल्म लावता येती, पाव्हणं. रस्त्यानं चालनाऱ्याला कुटनं लावायची?"

ऊन पत्र्यावर आलं, चादरी वाळायला लागल्या. मग ते उठले, घरात गेले आणि त्यांनी ताईला सगळं सांगितलं. आतून ताईचा रडका, चिडका आवाज आला. बाहेर आले ते स्वातीला घेऊन. तिच्या तळहातावर चावी ठेवून म्हणाले, "पुण्याला घिऊन जा. पर जायच्या आधी मला जेऊरला सोड. तुजा हात बगतो."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. दाजी आयुष्यात पहिल्यांदा डावीकडच्या सीटवर. मोहोळपर्यंत त्यांनी लेकीला जगू दिलं नाही. "ब्रेक! अगं ब्रेक! ट्रकच्या मागं चिकटू नगं. हार्न दे की!" त्यांचा पाय मोकळ्या जागेत ब्रेक दाबत होता, हात दाराला घट्ट. स्वाती एका शब्दानं उलट बोलली नाही. एका ट्रकला तिने सावकाश, नीट अंतर ठेवून मागे टाकलं, तेव्हा दाजी म्हणाले, "हं." पुढच्या ट्रकला काहीच म्हणाले नाहीत. नंतर बराच वेळ काहीच आवाज आला नाही म्हणून मी वाकून पाहिलं. त्यांची मान काचेला टेकली होती, तोंड किंचित उघडं होतं.

त्यानंतरचा एकच हिवाळा त्यांना मिळाला. हृदयविकाराचा झटका आला, तोही जिना चढताना. पण दाजी म्हटलं की माझ्यापुढे तो जिना येत नाही, त्या रविवारची ती चालती गाडी येते.

"लग्न झाल्यापासून," मागच्या सीटवर ताई माझ्या कानाशी कुजबुजली, "चालत्या गाडीत ह्यांना झोपलेलं मी कधी बघितलं नाही रे."

टेंभुर्णीला जेऊरचं वळण आलं. स्वातीने वेग कमी केला, वडिलांकडे एकदा बघितलं आणि गाडी सरळ पुढे घेतली.

"अगं, वळण मागं राहिलं की," ताई म्हणाली.

"राहू दे, आई," स्वाती म्हणाली. "पुढून वळून येऊ."