आई इंडियात आली

आई मूळची गोव्याची. पोर्तुगीज गेले तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि गोव्यातल्या सगळ्यांबरोबर तीही कुठलाच अर्ज न करता भारतीय झाली. जुनी सवय तेवढी गेली नाही. गोव्याच्या हद्दीबाहेरचा सगळा मुलूख तिच्या लेखी इंडियाच. सोलापूरच्या शुक्रवार पेठेत संसार करून साठ वर्षं होत आली, तरी "मी इंडियात आले तेव्हा" हे पालुपद चालूच. आम्ही हसायचो.

थोरली मावशी लिस्बनला असते. पोर्तुगिजांच्या वेळीच नवऱ्याबरोबर गेलेली. आता तिनं अंथरूण धरलंय आणि आईला तिला एकदा डोळे भरून बघायचंय. म्हणून या वयात आईचा पहिला पासपोर्ट. चौकशीला हवालदार घरी आले. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "आजी, सोलापुरात कवा आलाव?"

"इंडियात आले ती थेट सोलापुरातच," आई म्हणाली.

पेन थांबलं. "म्हंजे तुमी भायेरच्या हाय?"

मी समजावायला गेले आणि घोटाळा वाढवला. आईचा जन्मदाखलाही निघाला पोर्तुगीज भाषेत. हवालदार म्हणाले, "हे आमाला कुटं वाचता येतंय? मराठीत करून आना, अन् आजींना घिऊन चौकीत या."

पुढचे पंधरा दिवस मला चैन नव्हतं. गोव्याला फोन, वकील, भाषांतर. फोन वाजला की लिस्बनचा तर नसेल, म्हणून धडकी भरायची. सगळा राग आईवर निघाला. "तो शब्द परत तोंडातून काढू नकोस," मी ओरडले. "त्याच्यापायी मावशी दिसायची नाही तुला."

आई उठून भाजी निवडायला बसली.

चौकीत हवालदारांनी भाषांतर पुढ्यात घेतलं आणि सहज विचारलं, "गाव कुटलं म्हनायचं आजी तुमचं?"

आईनं आधी माझ्याकडे पाहिलं. "हितलंच की," ती म्हणाली. "जन्मबी हितलाच."

इतक्या वर्षांत ती कधी अशी बोलली नव्हती. कागदावर तिच्या गावाचं नाव ठळक होतं आणि आई पदराचं टोक मुठीत धरून खाली बघत होती. मला माझीच लाज वाटली.

"नाही हो," मी म्हणाले. "आई गोव्याची. लग्न होऊन ती इंडियात आली."

"व्हय की, हितं तसंच लिवलंय," म्हणत त्यांनी सही केली. आईनं मूठ सोडली.