पोरीच्या चित्राला मिशी

मी शाळेत लागले ती शिवणाची बाई म्हणून. चित्रकला नंतर गळ्यात पडली. साठ-पासष्टचा सुमार असेल, तारापूरच्या बाजूला तेव्हा चित्रकलेचा मास्तर टिकायचाच नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "तुम्ही रांगोळी छान काढता, घ्या सातवीचा वर्ग." आता मला कुठलं आलंय शिक्षण! कापड बेतताना खडूची रेघ एका दमात ओढायची, एवढंच हाताला ठाऊक. मग तेच शिकवलं. खिडकीच्या गजाला आरसा टांगला आणि म्हटलं, आपलं तोंड आपणच काढायचं. नुसती एक रेघ. कपाळावरून निघायचं ते डोळे, नाक, ओठ घेत हनुवटीपर्यंत, पेन्सिल उचलायची नाही.

"बाई, माझं वांगं झालं!" एकजण ओरडला आणि वर्ग हसत सुटला.

एका कोळ्याच्या मुलीचं मात्र असं उतरलं, की मी दोनदा पाहिलं. तिच्या वडिलांची होडी त्याच वर्षी समुद्रात गेली होती. माणूस सापडलाच नाही.

तिसऱ्या दिवशी तिची आई आली. मासळीची पाटी दाराबाहेर ठेवली, मुलीला पुढं घातलं आणि चित्र माझ्यापुढं धरलं.

"बाई, ह्यो हिचा बापूस हाय."

"अगं, तिनं स्वतःला काढलंय."

"तोंड त्याचंच हाय. आमच्याकडं त्याचा एक फोटू नाय. तुमी मिशी लावून द्या."

मला हसू आलं. मग पाहिलं तर ती हसत नव्हती.

मी मुलीला विचारलं, "लावू का गं?" ती जमिनीकडे बघत म्हणाली, "लावा." आईसमोर दुसरं काय म्हणणार होती ती? पण तेव्हा ते माझ्या डोक्यात आलं नाही. खिडकीच्या काचेवर कागद धरून दुसरी प्रत काढायची, हेही सुचलं नाही. घेतली पेन्सिल.

"एवढी जाड नको. टोकं खाली. डावीकडं जरा तोकडी करा, बिडीनं जळायची त्याची."

झाल्यावर तिनं चित्राकडे पाहिलं आणि डोक्यावरून पदर घेतला, नवरा समोर आल्यावर घ्यावा तसा. रडली नाही. कागद मुलीच्या वहीत घालून छातीशी धरला, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली.

पुढच्या तासाला मी मुलीला आरशासमोर बसवलं. "काढ बाळा, तुझं नवीन काढ."

तिची रेघ कपाळावरून नाकापर्यंत आली आणि थांबली.

"का गं?"

"नको बाई. परत बापूसच येल."

मी कागद काढून घेतला. वर्षभर मग ती पानं-फुलं काढत राहिली. आरशाकडे पाठ करून बसायची, आणि मीही तिला कधी वळायला सांगितलं नाही.